दुवा तेवढा खोटा

सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये उतरलेल्या वसाहतवाल्यांचे वंशज पैसेवाले झाले, की त्यांना इंग्लंडातला एखादा सरदार पूर्वज हवासा वाटे. ही हौस गुस्ताव्ह आंजू (१८६३–१९४२) या स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर राहणाऱ्या वंशावळकाराने पुरवली, तीही एका वंशावळीला सुमारे ९,००० डॉलर घेऊन. त्याची रीत वंशावळ-अभ्यासक रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी १९९१मध्ये मांडली. बहुतेक दाखले अस्सल, दफ्तरात जाऊन पाहता येतील असे. मधेच एखादा कागद असा, की तो कुठे आहे याचा पत्ताच दिलेला नाही. आणि दोन घराण्यांचा सांधा नेमका त्याच कागदावर!

इतके दाखले खरे असताना सगळंच का नाकारायचं, असं विचारलं जातं. प्रश्न वाजवी आहे. पण खरा दाखला त्या नावाचा माणूस होता एवढंच सांगतो. इंग्लंडातल्या डेव्हनच्या चर्चवहीतला जॉन आणि बोस्टनला उतरलेला जॉन एकच कशावरून? त्या काळी जॉन पैशाला पासरी होते. तेव्हा पुरावा द्यायचा तो दुवा जोडणाऱ्याने, शंका घेणाऱ्याने नव्हे. तीच वंशावळ दहा पुस्तकांत छापली आहे म्हणूनही ती खरी ठरत नाही. दहाही जण एकाच्याच वहीतून उतरवून घेतात. आंजूचं नाव दिसलं, तर बेपत्ता कागदाच्या वरच्या पिढ्या खुशाल खोडाव्यात. खालची मंडळी मात्र स्वतंत्रपणे तपासावीत, त्यांतली बरीच खरी निघू शकतात.