बालविवाह आणि मुलींचे आरोग्य : ऊसतोड कामगार कुटुंबांच्या संदर्भात

बालविवाहाची चर्चा आपल्याकडे बहुधा रूढी आणि कायदा या दोन अंगांनी होते. वस्तुतः हा प्रश्न प्रथमपासून मुलीच्या शरीराशी निगडित आहे. कलकत्त्यातील फुलमणी दासी या अल्पवयीन विवाहितेचा पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू झाला. त्या प्रकरणाने संमतिवयाच्या वादाला धार दिली आणि १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा वर्षे झाले. आज मुलीच्या विवाहाचे किमान वय अठरा आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४३.७ टक्के आढळले.

बीडचा आकडा इतका मोठा का, याचे एक उत्तर ऊसतोडीच्या व्यवस्थेत आहे. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे बहुधा पती-पत्नीची जोडी. हंगामात सहा-सहा महिने आईवडील फडावर असतात. वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवावे, ही त्यांची चिंता खरी असते. विवाहाने ती चिंता मिटते आणि सासरी एक नवा कोयता उभा राहतो. म्हणजे मुलगी एकाच वेळी पत्नी, मजूर आणि लवकरच माता होते.

किशोरवयात मुलीची उंची वाढणे थांबले तरी श्रोणीची, म्हणजे कंबरेच्या हाडांच्या कड्याची, वाढ काही काळ चालूच असते. ती पूर्ण होण्यापूर्वी प्रसूतीची वेळ आली, तर बाळाचे डोके अडण्याचा धोका वाढतो. वेळेवर शस्त्रक्रिया न मिळाल्यास माता वा बाळ दगावते; कधी मूत्राशय व योनिमार्ग यांमध्ये छिद्र पडून लघवी सतत झिरपत राहते. गरोदरपणातील रक्तदाब वाढून झटके येणे आणि प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग यांचे प्रमाणही या वयात अधिक असते. त्यात रक्तक्षयाची भर पडते. भारतातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली मुळातच रक्तक्षयग्रस्त आहेत. स्वतःच्या वाढीला अपुरे पडणारे अन्न तिने गर्भाबरोबर वाटून घ्यायचे असते. साहजिकच अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ जन्माला येण्याची शक्यता वाढते.

परिणाम पहिल्या बाळंतपणापाशी थांबत नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. लवकर आणि लागोपाठची बाळंतपणे, डोक्यावर उसाच्या मोळ्या, फडावर शौचालय नाही, पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. अशा परिस्थितीत अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी यांसारख्या औषधाने आटोक्यात येऊ शकणाऱ्या तक्रारींवर थेट पिशवी काढण्याचा सल्ला दिला जातो आणि तो मानलाही जातो. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर ऐन उमेदीत रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात.

येथे एक पेच लक्षात घेतला पाहिजे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार (पोक्सो) अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर असल्याचे आढळल्यास डॉक्टरांनी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तरतूद योग्यच आहे. परंतु गुन्हा नोंदवला जाईल या भीतीने कुटुंबे मुलीचे वय वाढवून सांगतात, नोंदणी लांबवतात किंवा दवाखाना टाळतात. जिला तपासणीची सर्वाधिक गरज, तीच आरोग्यसेविकेच्या नोंदवहीबाहेर राहते. म्हणूनच गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असलेल्या ग्रामसेवकाचे काम लग्न थांबवण्यापुरते मानले, तर आधीच विवाहित झालेल्या मुलीकडे पाहणारे कोणीच उरत नाही.