साठ सेंटचे यांकीज

न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध बोस्टन रेड सॉक्स. ‘कालशी’सारख्या अमेरिकी भाकीत-बाजारात अशा बेसबॉल सामन्याचेही भाव फुटतात. यांकीज जिंकल्यास १ डॉलर देणारा करार समजा ६० सेंटला मिळत असेल, तर बाजाराच्या मते त्यांच्या विजयाची शक्यता साधारण ६० टक्के. हरले, तर शून्य.

इथे भाव बुकी ठरवत नाही. घेणारे आणि विकणारे ठरवतात. सामना रंगात असतानाही करार विकून मोकळं होता येतं.

पण भाव म्हणजे भविष्य नव्हे. ऑक्टोबर २००४ मध्ये यांकीज बोस्टनविरुद्धच्या मालिकेत ३-० ने पुढे होते. चौथ्या सामन्याच्या नवव्या डावात त्यांच्याकडे एका धावेची आघाडी होती आणि चेंडू त्यांच्या मारियानो रिव्हेरा या पिचरच्या हातात. बोस्टनच्या डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरी झाली आणि बोस्टनने सलग चार सामने जिंकून मालिका खेचून आणली. बेसबॉलचं सारं वैभव या अशक्यप्रायतेत आहे!

म्हणूनच पैशाची भीती वाटते: निकालच विकला गेला तर? १९१९ ची वर्ल्ड सिरीज विकल्याच्या आरोपावरून शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर आजन्म बंदी आली होती. आज भाकीत-बाजार चालवणाऱ्या कंपन्या आपले करार वायदेबाजाराच्या केंद्रीय नियामकाच्या कक्षेत येतात म्हणतात. कित्येक राज्यं त्यांना जुगारच मानतात आणि कोर्टात लढताहेत.