पहाटे ट्रॅक्टर बंद पडतोय? आधी ड्रममधलं डिझेल बघा



थंडी वाढल्यापासून एकच तक्रार येतेय: "सर, पहाटे फवारणीला ट्रॅक्टर सुरू होतो, पाच मिनिटांत दम तोडतो. ऊन आलं की बरोबर चालतो." काहींनी तर दुकानातून 'थंडीचं औषध' म्हणून डिझेलात टाकायची बाटलीही आणली. थोडं थांबा.

डिझेलमध्ये मूळचंच मेण असतं. खोबरेल तेल थंडीत गोठतं ना, तसंच हे. गारठ्यात मेणाचे चपटे कण तयार होतात, डिझेल गढूळ दिसतं आणि फिल्टर चोंदतो. बाटलीतलं पॉलिमर (बहुतेक वेळा ईव्हीए, चपलेच्या सोलमध्ये असतं त्याच जातीचं) मेण काढून टाकत नाही. ते कणांना मोठं होऊ देत नाही, म्हणून बारीक कण फिल्टरमधून निघून जातात. पण कण एकदा तयार झाले की त्याचा उपयोग नाही. ते टाकायचं तर दुपारी, डिझेल कोमट असताना, लेबलवरच्या मापानेच. जास्त टाकून जास्त फायदा होत नाही.

आता मुद्द्याचं. सरकारी मानकानुसार नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पंपावरचं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून जायलाच हवं. उन्हाळी डिझेलला मात्र १८ अंशांपर्यंत सूट आहे. म्हणजे ऑक्टोबरात भरून ठेवलेला ड्रम निफाडच्या थंडीत दगा देऊ शकतो. तो ड्रम दुपारच्या कामाला वापरा, पहाटेच्या फवारणीला पंपावरून ताजं डिझेल आणा. आपल्याकडे बहुतेकांना बाटलीची गरजच पडणार नाही. (लडाखची गोष्ट वेगळी. तिथे उणे ३३ अंशांचं खास डिझेल २०१९ पासून जातं.)

खात्री करायची असेल तर काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घेऊन रात्री बाहेर ठेवा. सकाळी गढूळ आणि उन्हात परत स्वच्छ झालं, तर मेण. तळाशी थेंब साचले, तर पाणी. फिल्टरखालचा नट सोडून ते काढा. स्वच्छच राहिलं, तर बॅटरी आणि फिल्टर तपासा.

ट्रॅक्टर अडलाच तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं फिल्टरला गुंडाळा. बागेतली शेकोटी टाकीजवळ नेऊ नका. रॉकेलही मिसळू नका, पंपाचं वंगण कमी होतं आणि तो खर्च बाटलीपेक्षा फार मोठा आहे.

बाटलीचा सकाळचा फोटो याच नंबरवर पाठवा, बघून सांगतो.