छत्री मोठी केली की भागते?

दुर्गम सागरी संशोधन केंद्रावरचे इंटरनेट रखडते म्हटले की ‘डिश अँटेनाची छत्री मोठी बसवा, जास्त एमबीपीएस घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर २०१२ पासून चालणारे ‘भारती’ केंद्र घ्या. वास्कोतील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र त्याचा कारभार पाहते. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा भूस्थिर उपग्रह तिथून क्षितिजाच्या जेमतेम १२ अंश वर दिसतो, तोही रेखांश जुळला तर. संदेश वर जाऊन भारतात उतरायचा, उत्तर त्याच वाटेने परतायचे. या फेरीत प्रकाशाच्या वेगानेही अर्धा सेकंद जातो. पैसे मोजून तो कमी होत नाही. शिवाय फाइल पाठवणारा संगणक ठरावीक माहिती सोडून पोचपावतीची वाट पाहतो. ही मर्यादा जुन्या पद्धतीप्रमाणे ६४ किलोबाइट असेल, तर त्या फाइलचा वेग १ एमबीपीएसच्या आसपास अडतो, मग जोडणी १० ची असो की १०० ची! ही मर्यादा वाढवणे किंवा अनेक फाइली समांतर पाठवणे, याला छत्रीच्या मानाने खर्च नगण्य.

‘आता स्टारलिंक आहे ना,’ असे कोणी म्हणेल. खरे आहे. त्या इंटरनेट सेवेचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे विलंब पुष्कळ घटतो. अमेरिकेच्या मॅकमर्डो केंद्राने २०२२ मध्ये ती सेवा वापरून पाहिली. पण सगळ्यांचे फोन एकाच वेळी अपडेट उतरवू लागले, तर राउटरपाशीच रांग लागते आणि वाचवलेला वेळ तिथे जातो. अपडेट एकदाच उतरवून केंद्रातल्या सर्व्हरवरून वाटणे, डॉक्टरांच्या कॉलला आणि मोजमापांना आधी वाट देणे, ही कामे कोणताही उपग्रह करून देत नाही. समुद्राखालच्या केबलने २०२० मध्ये अंदमानचे चित्र पालटले, हे मान्य. अंटार्क्टिकापर्यंत मात्र अजून एकही केबल गेलेली नाही. आणि केबल म्हणजे कायमची निश्चिंती, असेही नाही. २०२२ च्या ज्वालामुखी उद्रेकात टोंगाची केबल तुटली, ती जोडायला पाच आठवडे लागले.

सगळी माहिती लगेच पाठवलीच पाहिजे, हाही हट्टच. तापमान आणि क्षारतेचे आकडे चिमूटभर असतात, ते रोज पाठवावेत. समुद्रतळाच्या चित्रफितींचा एक टेराबाइट १ एमबीपीएसने पाठवायला तीन महिने लागतात. तो उन्हाळी जहाजातून हार्ड डिस्कवर आणणेच शहाणपणाचे.