बारावीचा कस आणि महाविद्यालयाचे दार

दहावीचा निकाल लागला की आपल्या धाराशिवच्या बसस्थानकावर एक देखावा दर वर्षी दिसतो. वळकटी आणि पुस्तकांची पेटी घेऊन एखादा मुलगा लातूरच्या गाडीत चढतो व आईबाप खाली उभे राहून त्याच्याकडे पाहत असतात. त्या घराने सोयाबीनचा सारा पैसा पुढच्या दोन वर्षांवर लावलेला असतो. अकरावी-बारावीचा कठीण अभ्यास पुढील प्रवेशास खरोखर उपयोगी पडतो काय, आणि पडत असल्यास कसा, हा त्यांचा प्रश्न आम्ही आज विचारास घेतला आहे.

कठीण अभ्यास आपल्या भागाला नवा नाही. निजामाच्या राजवटीत उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून होते. मराठी मुलाला आधी ती भाषा व मग विषय, अशी दुहेरी चढण चढावी लागे. लोहारा तालुक्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेने, जेथे स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले, निराळी वाट दाखविली. पुढे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण घराजवळ आले. ज्या लातूरकडे आज आपण मुले धाडतो तेही १५ ऑगस्ट १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. तेथील ज्या पद्धतीचा गाजावाजा झाला तिचे मर्म साधे आहे: अभ्यासक्रम वेळेत पुरा करणे, वरचेवर चाचण्या घेणे आणि चूक का झाली हे विद्यार्थ्यास समजावून देणे.

आता कोणी म्हणेल, 'प्रवेश तर नीट, जेईई किंवा सीईटी या परीक्षांवर ठरतो. मग बारावीच्या वर्गात बसून काय लाभ?' या शंकेचे उत्तर तीन प्रकारे देता येते.

पहिली गोष्ट पात्रतेची. वैद्यकीय प्रवेशासाठी खुल्या वर्गातील विद्यार्थ्यास बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांत मिळून किमान ५० टक्के गुण लागतात. आय.आय.टी.साठी त्याला बारावीत ७५ टक्के गुण हवेत, किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० शततमकांत स्थान हवे. अकरावीत गणित सोडणाऱ्या मुलाला पुढे अभियांत्रिकीचे दार जवळजवळ बंदच होते. म्हणून विषयांची निवड ही सोय पाहून करण्याची गोष्ट नव्हे.

दुसरी गोष्ट परीक्षेच्या घडणीची. नीटमध्ये १८० प्रश्न व ७२० गुण असतात. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास १ गुण जातो. हे प्रश्न अकरावी व बारावी या दोन्ही इयत्तांच्या अभ्यासावर असतात. एक उदाहरण घेऊ. विहिरीत सोडलेला दगड २ सेकंदांनी पाण्यावर आदळला, तर पाणी सुमारे २० मीटर खोल आहे, हे सूत्राने निघते. दुसऱ्या विहिरीत त्यास दुप्पट वेळ लागला, तर खोली किती? घोकंपट्टी करणारा 'दुप्पट' म्हणून मोकळा होतो. ज्याने सूत्र स्वतः मांडून पाहिले आहे, तो जाणतो की पडत्या दगडाचा वेग सारखा वाढत जातो, म्हणून खोली चौपट. एका प्रश्नात येथे ५ गुणांचा फरक पडला! अकरावी ही विश्रांतीची इयत्ता मानणारा विद्यार्थी असे किती गुण गमावतो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तिसरी गोष्ट प्रवेशानंतरची. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. परंतु वैद्यकीय महाविद्यालयातील ग्रंथ व व्याख्याने इंग्रजीत असतात. बारावीपर्यंत ज्याने दोन्ही भाषांतील परिभाषा समजून घेतली व प्रयोग स्वतःच्या हाताने केले, तो पहिल्या वर्षी गोंधळत नाही.

या प्रश्नाला आपल्या भागात आणखी धार आली आहे. वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना देणारी ७०:३० ची पद्धत २०२० साली रद्द झाली. तेव्हापासून परंड्याचा मुलगा राज्याच्या जागांसाठी पुण्या-मुंबईच्या मुलांशी एकाच यादीत उभा असतो.

तथापि कठीण म्हणजे जड नव्हे, हेही सांगितले पाहिजे. चौदा तास कोंडून ठेवणे, महागडी शिकवणी लावणे, महाविद्यालयात केवळ नाव घालून प्रयोगशाळेचे तोंडही न पाहणे, याला आम्ही कसदार अभ्यास म्हणत नाही. त्यात मुलाचे आरोग्य जाते व बापाच्या डोक्यावर कर्ज राहते. शिवाय सर्वांनीच डॉक्टर होण्याचे कारण नाही. तुळजापुरास १९८६ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र आहे. इतिहास, अर्थशास्त्र किंवा भाषा मन लावून शिकणाऱ्यासही मोठ्या संस्थांची दारे खुली असतात. कस तेथेही लागतोच.

तेव्हा पालकांनी गावातील कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन तीन प्रश्न विचारावेत: प्रयोग प्रत्यक्ष होतात काय? चाचणीचे पेपर तपासून परत मिळतात काय? अकरावीचा अभ्यास अकरावीतच पुरा होतो काय? या तिन्हींची उत्तरे येथेच 'होय' अशी मिळू लागली, तर बसस्थानकावरील त्या आईबापांपैकी पुष्कळांना आपले लेकरू सोळाव्या वर्षी दूर धाडावे लागणार नाही. हे प्रश्न विचारण्याचे काम मात्र आपण नागरिकांचे आहे.