वाक्‌संवेदन आणि बालकांचे भाषाग्रहण

वाक्‌संवेदन म्हणजे कानावर पडणाऱ्या सलग ध्वनिलहरींतून भाषेतील स्वन, शब्द व त्यांद्वारे अर्थ ओळखण्याची मेंदूची प्रक्रिया होय. भाषाग्रहण म्हणजे बालकाने औपचारिक शिक्षणाशिवाय, केवळ सहवासातून आपली पहिली भाषा आत्मसात करणे होय. या दोन प्रक्रिया परस्परांत गुंतलेल्या आहेत. कोणते ध्वनिभेद महत्त्वाचे मानायचे हे बालक बहुतांशी बोलू लागण्यापूर्वी, वयाच्या पहिल्या वर्षातच शिकते. त्यामुळे या काळातील ऐकण्याला विशेष महत्त्व आहे.

ध्वनी ते शब्द

आंतरकर्णात ध्वनिकंपनांचे चेतासंदेशांत रूपांतर होते. हे संदेश श्रवणचेतेमार्फत मेंदूच्या शंखखंडातील श्रवणक्षेत्रापर्यंत पोहोचतात. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये भाषण-उच्चाराशी आणि जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये भाषेच्या आकलनाशी संबंधित क्षेत्रे दाखवून दिली. बहुसंख्य व्यक्तींमध्ये ही क्षेत्रे डाव्या मस्तिष्कगोलार्धात असतात. मात्र भाषेचे काम एखाद्या क्षेत्रापुरते मर्यादित नसून ते परस्परांशी जोडलेल्या अनेक क्षेत्रांत चालते, असे आज मानले जाते.

लेखनात शब्दांमध्ये मोकळी जागा असते, तशी बोलण्यात नसते. शिवाय एकच स्वन प्रत्येक व्यक्तीच्या तोंडून व प्रत्येक शब्दात थोडा वेगळा उच्चारला जातो. मेंदू यांतील बराचसा फरक दुर्लक्षित करतो आणि अर्थ बदलणारा फरक तेवढा टिपतो. याला वर्गनिष्ठ संवेदन असे म्हणतात.

मराठीतील उदाहरणे

पुणे–लोणावळा लोहमार्गावरील मळवली हे मावळ तालुक्यातील स्थानक भाजे लेणी, लोहगड व विसापूर येथे जाणाऱ्यांना परिचित आहे. या नावात ‘ळ’ आणि ‘ल’ हे दोन्ही स्वन आहेत. ‘ळ’ उच्चारताना जिभेचे टोक मागे वळते, तर ‘ल’ उच्चारताना ते वरच्या दातांमागील भागाला टेकते. ‘काल’ व ‘काळ’ किंवा ‘वेल’ व ‘वेळ’ या जोड्यांत केवळ या फरकामुळे अर्थ बदलतो. म्हणून मराठीत ल आणि ळ हे स्वतंत्र स्वनिम ठरतात. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. त्यामुळे केवळ हिंदी ऐकत वाढलेल्या प्रौढाला हा भेद उच्चारणे, प्रसंगी ऐकू येणेही, अवघड जाऊ शकते. हा दोष कानाचा नसून सवयीचा असतो.

हे शिक्षण लिपीवर अवलंबून नसते. ‘जग’ (विश्व) आणि ‘जग’ (जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप) यांतील ‘ज’चे उच्चार भिन्न आहेत, परंतु अक्षर एकच आहे. मराठी भाषक घरातील मूल अक्षरओळख होण्यापूर्वीच हा भेद शिकलेले असते.

पहिले वर्ष

गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत बालकाची श्रवणक्षमता कार्यरत झालेली असते आणि नवजात अर्भक आईचा आवाज ओळखते. १९७१ मध्ये पीटर आयमास व सहकाऱ्यांनी एक व चार महिन्यांची अर्भके ‘बा’ आणि ‘पा’ यांसारखे ध्वनी वेगळे ओळखतात, हे त्यांच्या चोखण्याच्या वेगातील बदलावरून दाखवले.

जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांचे १९८४ मधील संशोधन भारतीय भाषांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. इंग्रजी भाषक कुटुंबांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील मूर्धन्य ‘ट’ व दंत्य ‘त’ यांतील भेद ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बालकांपैकी फार थोड्यांनाच तो ओळखता आला. हिंदी ऐकणाऱ्या बालकांत मात्र ही क्षमता टिकून होती. हाच ट–त भेद मराठीतही आहे. अर्भकाची विस्तृत श्रवणक्षमता परिसरातील भाषेनुसार घडत जाते, असे यावरून दिसते.

१९९६ मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन व एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बालकांना अर्थहीन अक्षरांची सलग मालिका दोन मिनिटे ऐकवली. कोणती अक्षरे वारंवार एकत्र येतात, यावरून बालकांनी त्यांतील ‘शब्द’ वेगळे ओळखले.

बालभाषा आणि बोबडे बोल

‘मम’, ‘भू-भू’, ‘चिऊ’, ‘काऊ’ असे शब्द, उंच स्वर आणि लांबवलेले उच्चार ही लहान मुलांशी बोलण्याची रीत बालभाषा म्हणून ओळखली जाते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील भाषावैज्ञानिक अशोक केळकर यांचा मराठी बालभाषेवरील लेख १९६४ मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालभाषांची तुलना केली, तीत मराठीचा समावेश होता.

‘बाळ’ऐवजी ‘बाल’ म्हणणाऱ्या मुलाला ‘ळ’ ऐकू येत नाही, असे मानणे योग्य नाही. १९६० मध्ये जीन बर्को व रॉजर ब्राऊन यांनी ‘फिश’ला ‘फिस’ म्हणणाऱ्या मुलाचे उदाहरण नोंदवले. मोठ्यांनी मुद्दाम ‘फिस’ म्हटल्यावर त्या मुलाने तो उच्चार नाकारला. आकलन उच्चाराच्या पुढे असते, याचे हे उदाहरण आहे.

श्रवणदोष आणि लवकर निदान

जन्मतः श्रवणदोष असलेले मूलही सुरुवातीला हुंकार देते. त्यामुळे दोष अनेकदा घरच्यांच्या लक्षात येत नाही आणि पहिले वर्ष निघून जाते. एक महिन्यापर्यंत श्रवणचाचणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपाययोजना, असे आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य वेळापत्रक आहे. भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोषाच्या तपासणीचा समावेश आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात निदान, पुनर्वसन व प्रशिक्षणाचे कार्य करते.

भाषाग्रहणासाठी ध्वनी हे एकमेव माध्यम नाही. लॉरा पेटिटो व पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ मध्ये, जन्मापासून सांकेतिक भाषा पाहणारी कर्णबधिर अर्भके हातांनी ‘बोबडे बोल’ काढतात, असे दाखवले. म्हणून श्रवणयंत्र किंवा कर्णावर्त रोपण यांचा निर्णय होईपर्यंतही बालकाला सांकेतिक भाषेसारखी त्याला ग्रहण करता येईल अशी भाषा उपलब्ध होणे आवश्यक ठरते.