मंडळाबाहेर राहिलेला खेळ : विटीदांडूच्या मोजणीविषयी

विटीदांडूच्या जुन्या रीतीत टोलविलेली विटी खळगीपासून किती दूर पडली हे दांडूनेच मोजतात. ही मोजणी एक, दोन, तीन अशी चालत नाही. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू असा सात शब्दांचा फेरा पुन्हा पुन्हा म्हणावयाचा, आणि ज्या शब्दावर मोजणी संपेल त्यास नेमून दिलेल्या रीतीने विटी पायावर, मुठीवर वा डोळ्यावर ठेवून पुढचा टोला मारावयाचा. कोणत्या शब्दास कोणती रीत, हे गावागणिक बदलते. शब्दांची रूपेही थोडीफार बदलतात.

हे शब्द मराठी नाहीत, हे उघड आहे. ते द्राविडी संख्यावाचक आहेत, आणि द्राविडी भाषांपैकी तेलुगूचे. कन्नडात एक, दोन, तीन यांस 'ओंदु', 'एरडु', 'मूरु' म्हणतात. तेलुगूत 'ओकटि', 'रेंडु', 'मूडु'. तेलुगूतील आरंभीचा 'ओ' उच्चारताना 'वो'कडे झुकतो, तोच 'वकट'मध्ये दिसतो. 'लेंड'मध्ये र-काराचा ल-कार झाला आहे. 'मूंड' हे रूप सर्वांत मोलाचे होय. जुन्या तेलुगूत या शब्दात अनुनासिक होते. आजच्या बोलीतून ते गेले, आणि मराठी मुलांच्या खेळात राहिले.

यापुढे मात्र अडचण आहे. 'नाल' म्हणजे चार. पण त्यामागून येणारा 'आर' म्हणजे सहा! पाचाचा 'ऐदु' गळला आहे. 'वेद' हा सातवाचक 'एडु'पासून आला असावा; आरंभीच्या व-काराचा उलगडा ध्वनिनियमांनी नीट होत नाही, कदाचित परिचित मराठी शब्दाने त्याला आपल्याकडे ओढले असेल. 'झकू'चे मूळ प्रस्तुत लेखकास पटेल असे कोठेच सापडले नाही. तात्पर्य, खेळणाऱ्यांच्या लेखी या संख्या उरल्याच नव्हत्या. ती केवळ टोल्यांची नावे झाली होती. म्हणून एक गळला तरी कोणास चुकल्यासारखे वाटले नाही.

असे अवशेष टिकले कसे, याचे उत्तर अंशतः क्रीडामंडळांच्या इतिहासात आहे. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ साली निघाला व १९१४ मध्ये तेथे खो-खोचे नियम बांधले गेले. हुतूतूचे नियम बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२०च्या दशकात बांधले. पुढे अखिल भारतीय संघटना १९५० मध्ये झाली ती 'कबड्डी' या नावाने. महाराष्ट्राचा 'हुतूतू', बंगालचा 'हाडुडू', तमिळ प्रदेशाचा 'चेडुगुडु' हे सारे मागे पडले. आज चढाई करणाऱ्याने 'कबड्डी' हाच शब्द उच्चारला पाहिजे असा नियम आहे; खेळाडूच्या तोंडातला शब्दही नियमाने ठरविला गेल्याचे हे विरळा उदाहरण. विटीदांडूचे नियम अधूनमधून छापले गेले, परंतु मंडळे व नित्याचे सामने यांची अशी अखंड परंपरा त्यास लाभली नाही. 'वकट-लेंड' कोणी दुरुस्त केले नाही.

तथापि मंडळ म्हणजे शब्दांचा शत्रू, असे मात्र समजू नये. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात शिंटी नावाचा वाकड्या काठीचा खेळ आहे. १८९३ साली किंगुसी या लहानशा गावी त्याची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली. त्या काठीस गेलिक भाषेत 'कामन' म्हणतात, आणि संघटनेने आपले नावच त्यावरून घेतले. तेथे गेलिक बोलणारे घटत गेले, तरी शब्द संघटनेच्या आश्रयाने राहिला. आमच्याकडे खेळ मंडळाबाहेर होता तोवर शब्द जगले. पण खेळच मैदानातून उठला तर त्यांस आश्रय उरत नाही.

म्हणून हे काम आताच व्हावयास हवे, आणि चाळीसगाव तालुका त्यासाठी सोयीचा आहे. येथे अहिराणी व प्रमाण मराठी शेजारी नांदतात. धुळ्याकडे जाणारा लोहमार्ग येथूनच फुटत असल्याने बाहेरची कुटुंबेही येथे येत राहिली. जवळच्या पाटण येथे शके ११२८ चा, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठासंबंधीचा शिलालेख आहे. त्याच्या अखेरीस मराठी मजकूर असून मठास द्यावयाच्या देणग्यांचा तपशील त्यात आला आहे. देण्याघेण्याचे शब्द असे शिळेवर कोरले गेले. खेळाचे शब्द कोणी कोरले नाहीत. ते साठी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणीत आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांस 'शब्द सांगा' असे म्हणू नये. दांडू हाती देऊन मोजावयास सांगावे, आणि पाचव्या जागी काय येते ते टिपावे.